"काही करत नाही हो तो!": मोकळी कुत्री, त्यांचे मालक आणि चार हजार वर्षांचं भांडण

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा डोंबिवली फास्टमध्ये कानात इअरफोन घालायलाही हात मोकळा मिळत नाही, त्यांच्यासाठी हा या आठवड्याच्या भागाचा लिखित अवतार.

आजची गोष्ट सुरू होते आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात. डोंबिवली पूर्व, सकाळचे साडेसहा. बाबा दुधाच्या पिशव्या घेऊन वर येत होते, लिफ्ट बंद होती. तिसऱ्या मजल्यावरचं दार उघडलं आणि ब्रूनो बाहेर सुटला. ब्रूनो म्हणजे लॅब्राडोर, तीस-पस्तीस किलोचा. गळ्यात पट्टा नाही, साखळी नाही. तो उड्या मारत खाली आला, बाबा दचकले आणि चार पायऱ्या खाली पडले. मनगटाचं हाड मोडलं. गडबडीत ब्रूनोचा दात पोटरीला लागला, जखम छोटीशीच, पण रक्त आलं.

मागून काका धावत आले. त्यांचं पहिलं वाक्य काय असेल? तुम्ही ओळखलंच असणार. "अहो, काही करत नाही हो तो!"

काका माणूस वाईट नाही, हे आधीच सांगतो. लॉकडाऊनमध्ये आमच्या मजल्यावरच्या आजींची औषधं त्यांनीच आणून दिली होती. पण मी विचारलं, "काका, ब्रूनोचं रेबीजचं इंजेक्शन झालंय ना?" तर म्हणाले, "हो रे, झालंय बहुतेक. पुस्तक असेल कुठेतरी." त्या "बहुतेक"साठी एकसष्ट वर्षांचे माझे बाबा, एका हाताला प्लॅस्टर, इंजेक्शनांसाठी पालिकेच्या दवाखान्यात हेलपाटे घालत होते. कारण रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की जवळजवळ कुणीच वाचत नाही. त्यात "बहुतेक" चालत नाही.

पुढच्या रविवारी सोसायटीची मीटिंग झाली. दहा मिनिटांत ब्रूनो बाजूला राहिला आणि भांडण गेटवरच्या भटक्या कुत्र्यांवर गेलं. अर्धे म्हणत होते, "सगळी कुत्री उचलून न्या." उरलेले म्हणत होते, "तुम्हाला मुक्या जनावरांची दयाच नाही." पट्ट्याबद्दल एकही माणूस बोलला नाही. बाबा कोपऱ्यात प्लॅस्टर सांभाळत बसले होते.

घरी आल्यावर चिडून लॅपटॉप उघडला. म्हटलं, हे भांडण किती जुनं आहे ते तरी बघू. आणि मंडळी, ते फारच जुनं निघालं.

6 जून 1832, मुंबई

आपल्या भागातलं कुत्र्यांवरून झालेलं सगळ्यात मोठं भांडण म्हणजे 1832 सालची मुंबईतली कुत्र्यांची दंगल. हो, खरोखरची दंगल. जेसी पालसेतिया या इतिहासकारांनी तिच्यावर सविस्तर लिहिलंय.

तेव्हा राज्य ईस्ट इंडिया कंपनीचं. शहरात कुत्री भरपूर आणि पिसाळलेल्या कुत्र्याची भीती मोठी, कारण उपाय काहीच नव्हता. लुई पाश्चरने जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिली लस दिली ती 1885 साली, म्हणजे अजून त्रेपन्न वर्षांनी. म्हणून 1813 पासून मुंबईत नियम होता की वर्षातल्या ठराविक गरम दिवसांत मोकाट कुत्री मारायची. 1832 मध्ये सरकारने ही मुदत 15 जूनपर्यंत वाढवली. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे बक्षीस होतं आठ आणे.

आता आठ आणे म्हणजे तेव्हा गरीब माणसासाठी चांगली रक्कम. तुम्ही कुठल्याही कंपनीत काम केलं असेल तर पुढे काय झालं ते ओळखाल. टार्गेट लावलं की लोक टार्गेट गाठतात, कामाचा हेतू राहतो बाजूला. पिसाळलेलं कुत्रं पकडायला जीव धोक्यात घालावा लागतो. ओट्यावर झोपलेलं गरीब कुत्रं सहज सापडतं, आणि आठ आणे दोघांचे सारखेच. मारेकरी लोकांच्या घरा-आवारातली पाळलेली कुत्रीसुद्धा मारू लागले.

पारशी लोकांसाठी हे सहन करण्यापलीकडचं होतं. जरथुश्त्री धर्मात कुत्र्याला मोठा मान आहे. माणूस गेला की त्याच्या देहाजवळ कुत्रं आणतात, त्या विधीला सगदीद म्हणतात. त्यात 6 जून हा त्यांच्यासाठी पवित्र दिवस होता. त्या दिवशी फोर्टाजवळ जमावाने कुत्री मारायला निघालेल्या दोन युरोपियन शिपायांना गाठून मारहाण केली. दुसऱ्या दिवशी हरताळ. बाजार बंद, दुकानं बंद. पारशांबरोबर हिंदू, जैन, मुसलमानही उतरले. कुलाब्याच्या लष्करी छावणीचं अन्नपाणी अडवलं गेलं. शेवटी लष्कर बोलवावं लागलं, धरपकड झाली, खटले चालले.

मिटलं कसं? जमशेटजी जीजीभाईंसारख्या शेटजींनी मध्यस्थी केली आणि सरकारने धोरण बदललं: कुत्री मारायची नाहीत, शहराबाहेर नेऊन सोडायची.

हे वाचताना मी थबकलो ते एका गोष्टीपाशी. या सगळ्या गोंधळात मारेकऱ्याला पाळलेलं कुत्रं आणि मोकाट कुत्रं वेगळं कसं कळणार होतं? गळ्यात काही खूण असती, मालकाने ते बांधून ठेवलं असतं, तर निदान घरातली कुत्री वाचवणं सोपं गेलं असतं. सरकारने हिशेब केला तो मेलेल्या कुत्र्यांचा. जिवंत कुत्र्याची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न राहूनच गेला. आमच्या मीटिंगमध्येही तो असाच राहिला होता.

ज्या धर्मात कुत्र्याला मान, त्यातच पट्ट्याचा नियम

मग मी पारशांचा वेंदिदाद हा ग्रंथ काय म्हणतो ते शोधलं. त्याचा तेरावा अध्याय जवळजवळ सगळा कुत्र्यांवर आहे. कुत्र्याला इजा केली, त्याला वाईट खायला घातलं तर काय शिक्षा, हे त्यात आहे. म्हणजे आजच्या भाषेत प्राणीप्रेमींची बाजू.

पण त्याच अध्यायात दुसरी बाजूही आहे. घरात न भुंकता चावणारं पिसाळलेलं कुत्रं असेल तर घरच्यांनी काय करायचं? त्याच्या गळ्यात लाकडी खोडा घालायचा आणि तोंड बांधायचं. लाकूड कठीण असेल तर किती जाड, मऊ असेल तर किती, हेही सांगितलंय! घरच्यांनी हे केलं नाही आणि कुत्र्याने मेंढीला किंवा माणसाला जखमी केलं, तर शिक्षा कुत्र्याला. ही शेवटची गोष्ट मला पटली नाही, चूक माणसाची आणि भोगायचं कुत्र्याने. पण बघा ना, आजही असंच होतं. मालक पट्टा लावत नाही आणि सोसायटीत "कुत्र्याला हाकला" म्हणून ठराव होतो.

थोडक्यात, कुत्र्यावर माया करणं आणि त्याला बांधणं यात विरोध आहे असं त्या जुन्या ग्रंथाला वाटत नव्हतं. ते आपल्याला वाटायला लागलंय.

कुत्रं, नोटीस आणि चाळीस शेकेल

याहून जुना नियम सापडला तो इराकमध्ये. बगदादजवळ तेल हरमल नावाची जागा आहे. तिथे 1940 च्या दशकात मातीच्या पाट्या मिळाल्या. त्यांवर एश्नुन्ना राज्याचे कायदे आहेत, साधारण पावणेचार हजार वर्षांपूर्वीचे. त्यातलं एक कलम वाचून मी खुर्चीतून उठलोच. अर्थ असा: कुत्रं घातक आहे, वस्तीच्या अधिकाऱ्यांनी मालकाला तसं कळवलंय, तरी मालकाने त्याला आवरलं नाही, आणि ते चावून माणूस मेला, तर मालकाने चाळीस शेकेल चांदी भरायची. मेलेला माणूस गुलाम असेल तर पंधरा. माणसामाणसातला हा भेद अर्थातच त्या काळाची लाज आहे.

पण त्याची रचना बघा. मी दिवसभर कोड लिहितो, मला तर ते तीन अटींचं इफ-स्टेटमेंटच दिसलं. कुत्रं घातक आहे, मालकाला कळवलंय, मालकाने काही केलं नाही. तिन्ही अटी खऱ्या ठरल्या की जबाबदारी मालकाची. यातली मधली अट सोन्यासारखी आहे. एकदा कळवलं की "मला काय माहीत" किंवा "तो काही करत नाही" ही सबब संपली.

इंग्लंडमधलं मुसकं

तिसरी गोष्ट इंग्लंडची. 1897 मध्ये तिथल्या शेतकी खात्याचे प्रमुख वॉल्टर लाँग यांनी रेबीज असलेल्या भागांत हुकूम काढला: रस्त्यावर कुत्रं आणायचं तर तोंडाला मुसकं हवंच. कुत्रेवाले भयंकर चिडले. हा अत्याचार आहे म्हणून सभा झाल्या, पत्रं लिहिली गेली, संघटना उभ्या राहिल्या. लाँग हटले नाहीत. सोबत मोकाट कुत्री पकडणं आणि बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांना वेगळं ठेवणंही चालू होतं. 1902 पर्यंत ब्रिटनमधून रेबीज गेला.

आपल्याकडे? भारतात रेबीजने दरवर्षी 18 ते 20 हजार माणसं जातात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, म्हणजे जगातल्या एकूण मृत्यूंच्या सुमारे 36 टक्के. आपण अजून 1832 च्याच फेऱ्यात आहोत. आधी वर्षानुवर्षं कुत्री मारली. मग 2001 मध्ये नसबंदी आणि लसीकरणाचे नियम आले, 2023 मध्ये ते नव्याने आले. 11 ऑगस्ट 2025 ला सुप्रीम कोर्टाने दिल्ली परिसरातली सगळी मोकाट कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. गदारोळ झाला, आणि 22 ऑगस्टला आदेश बदलला: नसबंदी आणि लस करून परत सोडा, पिसाळलेली आणि आक्रमक सोडून. आधी कडक हुकूम, मग लोकांचा उद्रेक, मग तडजोड. 1832 आठवलं ना?

मग आमच्या जिन्याचं काय झालं?

मोकाट कुत्र्यांचा प्रश्न मोठा आहे, तो माझ्याने सुटणार नाही. पण पाळलेल्या कुत्र्याचं उत्तर कायद्यात आधीच आहे. 1860 च्या भारतीय दंड संहितेत कलम 289 होतं, तेच आता भारतीय न्याय संहितेत कलम 291 आहे. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि हे दुसऱ्या बाजूनेही समजून घ्या: सोसायटी ठराव करून कुणाला कुत्रं पाळायला बंदी करू शकत नाही. प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या सूचना तसंच सांगतात, आणि सार्वजनिक जागी पट्टा लावा हेही त्याच सूचना सांगतात. आपण फक्त आपल्या सोयीचं अर्धं वाचतो.

पोलिसात जावं असं मला वाटत होतं. बाबा नाही म्हणाले. "अरे, एका जिन्यात राहायचंय आपल्याला. तक्रार करशील, मग रोज सकाळी तोंड कसं दाखवशील?"

मग मी एश्नुन्नाची मधली अट वापरली. सोसायटीच्या सेक्रेटरीकडून काकांना लेखी पत्र दिलं. भाषा साधी ठेवली: अमुक तारखेला हे घडलं, ब्रूनोला जिन्यात, लिफ्टमध्ये आणि आवारात पट्टा लावावा, लसीकरणाच्या पुस्तकाची प्रत आणि पालिकेचा परवाना ऑफिसात द्यावा. पोच घेतली. पत्रात "हाकला" हा शब्द नव्हता, आणि "कुत्र्यांचा द्वेष" वगैरे म्हणायला कुणाला जागाही नव्हती.

काका दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दारात आले. हातात ब्रूनोचं पुस्तक होतं, माळ्यावरच्या बॅगेत सापडलेलं. शेवटचं इंजेक्शन दोन वर्षांपूर्वीचं. काकांचा चेहरा उतरलेला. बाबांना म्हणाले, "माझी चूक झाली हो. मला वाटलं होतं दिलंय." बाबा म्हणाले, "बसा, चहा घ्या." मी काही बोललो नाही. खरं सांगायचं तर मला अजूनही राग होता.

आता ब्रूनोला पट्टा असतो. रोज नाही, पण बहुतेक वेळा. नसला की कुणीतरी वरून ओरडतं, "काका, पट्टा!" आणि काका हात वर करून मागे फिरतात. बाबांचं प्लॅस्टर निघालंय. इंजेक्शनं सगळी झाली. दूध मात्र आता मी आणतो, कारण तिसरा मजला आला की बाबा अजूनही कठडा घट्ट धरतात.

ऐकणाऱ्यांपैकी कुणाकडे कुत्रं असेल, तर एक काम करा. हा भाग संपला की लसीचं पुस्तक शोधा आणि शेवटची तारीख बघा. आणि ज्यांना कुत्रं चावलंय किंवा नुसतं ओरखडलंय, त्यांनी साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. हळद, चुना काही लावत बसू नका. कुत्रं कुणाचंही असो, कितीही गोड असो.

तुमच्या सोसायटीत काय चाललंय ते कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर, पट्टा लावा मंडळी!