काकडीचे लोणचे

काकडी (कुकुमिस सॅटायव्हस) ही हिमालयाच्या पायथ्याकडची मूळ वेल. विदर्भातही ती रुजली आहे: यवतमाळ जिल्ह्यातील राजूरच्या (ता. वणी) भोवतालची काळी जमीन कापसाची, पण खरिपात तेथे काकडी-वाळकाचे वेलही पसरतात.

मराठी घरात काकडी रमली ती कोशिंबिरीत. लोणचे घातलेच तर मोहरीची डाळ, तिखट, हळद आणि लिंबाचा रस लावून; फळात पाणी फार, म्हणून ते दोन-चार दिवसांत संपवलेले बरे.

टिकाऊ प्रकार मिठाच्या पाण्यातला. कोवळ्या, कडक काकड्यांचे फुलाकडचे टोक आधी कापतात, कारण तेथील विकरांमुळे फळ मऊ पडते. एक लिटर पाण्यात सुमारे ५० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात काकड्या पूर्ण बुडवल्या, की लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू आंबटपणा आणतात. विदर्भाच्या उन्हाळ्यात मात्र हे आंबणे इतके झपाट्याने होते, की काकडी लिबलिबीत होण्याचीच भीती अधिक.

लोणच्यासाठीच्या बोटाएवढ्या काकडीची, म्हणजे घेरकिनची, करारशेती १९९० च्या दशकारंभी कर्नाटकात सुरू झाली. २०२०-२१ मध्ये काकडी व घेरकिन मिळून भारताची निर्यात २.२३ लाख टनांवर गेली. देशातल्या ताटात मात्र घेरकिन क्वचितच येते.