मुंबईतील सॅक्सोफोन आणि त्याचे मास्तर

सॅक्सोफोन म्हटले की गिरगावकरांना लग्नाच्या वरातीतला बँड आठवावा आणि परळ-लालबागकरांना गणपतीची मिरवणूक, हे स्वाभाविकच आहे. पितळेचा वाकडा नळा, त्यावर बटणांची दाटी आणि गाल फुगवून वाजविणारा माणूस, एवढेच आपण पाहिलेले असते. परंतु हे वाद्य वाजविण्यास तो माणूस शिकला कोठे आणि त्याला शिकविले कोणी, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. आज आम्ही श्रोत्यांपुढे तोच प्रश्न मांडणार आहोत.

वाद्य तसे अर्वाचीन. अडॉल्फ साक्स या बेल्जियन कारागिराने 1846 साली पॅरिसमध्ये त्याचे पेटंट घेतले. अंग पितळेचे, पण आवाज निघतो तो वेताच्या पातळ पट्टीतून; म्हणून जातकुळीने ते कर्ण्यापेक्षा सनईला जवळचे. साक्स नुसते वाद्य घडवून थांबला नाही. 1857 पासून पॅरिसच्या सरकारी संगीत विद्यालयात तो लष्करी वादकांना शिकवीत होता. 1870 साली तो वर्ग बंद पडला आणि पुन्हा उघडावयास 1942 साल उजाडले! अमेरिकेत मात्र विद्यापीठांनी बँड हा शिक्षणाचा विषय मानला. तेथे सॅक्सोफोनवादकाने आयुष्याचा पूर्वार्ध रंगमंचावर आणि उत्तरार्ध अध्यापकाच्या खुर्चीत घालवावा, यात कोणाला नवल वाटत नाही.

आपल्याकडे अशी खुर्ची नव्हती. मुंबई विद्यापीठात डॉ. अशोक रानडे यांच्या नेतृत्वाखाली संगीत केंद्र उभे राहिले तेच मुळी 1968 साली. आणि तोवर या शहरात सॅक्सोफोनच्या दोन पिढ्या वाजवून झाल्या होत्या. मग या पिढ्या घडल्या कशा?

पहिले उत्तर गोव्यात सापडते. पोर्तुगीज अमदानीत तेथील चर्चला जोडून शाळा असत व त्यांत मुलांना स्वरलिपी वाचावयास शिकवीत. हेतू एवढाच की, प्रार्थनेला गाणारे व व्हायोलिन वाजविणारे मिळावेत. शिकविणारा तो ‘मेस्त’, म्हणजे आपला मास्तरच. सुराला चुकले की छडी! अक्षरांबरोबर स्वरही वाचता येणारा हा मुलगा पोटासाठी मुंबईला येई, धोबीतलावाच्या बाजूला आपल्या गावच्या ‘कूड’मध्ये ट्रंक ठेवी आणि कामाच्या शोधास लागे. व्हायोलिनवाल्यापेक्षा सॅक्सोफोनवाल्याला हॉटेलात मागणी अधिक, असे दिसले की तो सॅक्सोफोन हाती घेई. स्वर वाचता येत असल्यावर वाद्य बदलणे हा मुख्यतः बोटांचा व ओठांचा प्रश्न उरतो.

1935 साली लिऑन ॲबी यांचा अमेरिकन कृष्णवर्णीयांचा जाझ वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजवून गेला. पुढे 1939 पासून 1960 पर्यंत त्याच हॉटेलात बँड चालविला तो मिकी कोरिया या सॅक्सोफोनवादकाने. मोंबासात जन्मलेला, कराचीत वाढलेला हा गोवेकर. एकवीस वर्षे एका बँडचा म्होरक्या असणे म्हणजे काय, याचा विचार करावा. नवा वादक आला की त्याला बसवावयाचे, चार जणांचा श्वास एका ठिकाणी तुटेल अशी तालीम घ्यावयाची; हे अध्यापन नव्हे तर काय? त्यांची कन्या ख्रिस्टीन कोरिया न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जाझ गायन शिकवू लागल्या. ज्या विद्येला मुंबईत पदवी नव्हती, तिला तेथे वर्गखोली मिळाली.

1949 च्या दारूबंदी कायद्यानंतर हॉटेलांतील नाच ओसरला आणि हे वादक सिनेमाकडे वळले. परळचे राजकमल, दादरचे रणजित, ताडदेवचे फिल्म सेंटर ही त्यांची नवी विद्यालये! लाहोरच्या हॉटेलात बँड चालविलेले सेबॅस्टियन डिसोझा येथे ओ. पी. नय्यर, शंकर-जयकिशन यांच्यासाठी वाद्यमेळ लिहीत. ट्रंपेटवादक पं. रामप्रसाद शर्मा यांनी आपला मुलगा प्यारेलाल याच्याप्रमाणेच कितीतरी मुलांना स्वरलिपी शिकविली.

याच वातावरणात 1958 साली कलकत्त्याहून मनोहारी सिंग आले. त्यांचे घराणे मूळचे नेपाळचे, बँडवाल्यांचे. स्वतः ते बाटानगरच्या बँडमध्ये तयार झालेले. ‘कश्मीर की कली’ (1964) मधील ‘है दुनिया उसी की’ ऐकताना रफींच्या आवाजाभोवती जो सॅक्सोफोन घुटमळतो, तो त्यांचा. बटणांच्या वाद्यात मींड कोठून यावी? मनोहारी ती ओठांनी काढीत. पट्टीवरचा दाब सैल करून सूर खाली घसरवीत. हे पुस्तकात लिहून ठेवता येते, पण शेजारी बसून ऐकल्याखेरीज साधत नाही. आणि दुःख येथेच आहे. गाणे घरोघर पोचले, पण तबकडीवर गायकाचे, संगीतकाराचे नाव असे, वादकाचे नसे. नावच नसेल तर शिष्याने शोधीत यावे कोणाकडे? मनोहारी 2010 साली गेले, तोवर सिंथेसायझरने स्टुडिओतील वादकांच्या खुर्च्या बऱ्याच रिकाम्या केल्या होत्या. यंत्राला आम्ही दोष देत नाही. ते स्वस्त पडते, एवढेच. पण खुर्चीबरोबर शेजारची खुर्चीही जाते, आणि शिकणारा बसे तो त्याच खुर्चीवर.

हे वाद्य आपल्या रागांना मानवेल काय, अशी शंका जुन्या मंडळींना असे. गोव्याचे ब्राझ गोन्साल्विस यांनी जाझमध्ये राग आणून तिचे अर्धे उत्तर दिले. उरलेले दक्षिणेतून आले. मंगळूरकडचे कद्री गोपालनाथ हे नागस्वरवादकाचे चिरंजीव. म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये त्यांनी सॅक्सोफोन ऐकला आणि गोपालकृष्ण अय्यर यांच्याजवळ वर्षानुवर्षे बसून त्यावर कर्नाटक संगीत बसविले. 1980 साली मुंबईच्या जाझ महोत्सवात अमेरिकेचे जॉन हँडी यांनी त्यांचे वादन ऐकले व आपणही त्यांच्याबरोबर रंगमंचावर वाजवावे काय, असे विचारले. एक जाझच्या मुशीतला, दुसरा गुरूच्या ओसरीवरचा; दोघांच्या हाती साक्सचेच वाद्य होते.