मूळ बाहुले कोणते?

संग्राहकांच्या जगात 'मूळ' या शब्दाला जेवढा मान आहे, तेवढाच 'हुबेहूब' या शब्दालाही आहे. जुन्या नाण्यांचा किंवा हस्तलिखितांचा संग्राहक प्रतिकृतीकडे ढुंकूनही पाहणार नाही. दूरचित्रवाणीवरील बाहुलीपात्रांच्या प्रतिकृती आणि कापूस भरलेली मऊ खेळणी जमवणारा संग्राहक मात्र आपण प्रत घेत आहोत हे पुरते जाणूनच ती घेतो, आणि तरीही तिच्या खरेखोटेपणाविषयी कमालीचा काटेकोर असतो. या वागण्यातील विसंगती हास्यास्पद वाटण्याचा संभव आहे. आम्हांस ती विचारार्ह वाटते. कारण बाहुलीच्या बाबतीत 'मूळ' म्हणजे नेमके काय, या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सोपे नाही.

वॉल्टर बेंजामिनचा यांत्रिक पुनरुत्पादनाच्या युगातील कलाकृतीविषयीचा निबंध साहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहे. पुनरुत्पादनामुळे मूळ कलाकृतीभोवतीचे तेजोवलय विरत जाते, हा त्यातील विचार छायाचित्रण आणि चित्रपट यांच्या संदर्भात मांडलेला आहे. बेंजामिन स्वतः बालपुस्तकांचा आणि खेळण्यांचा संग्राहक होता आणि खेळण्यांवर त्याने स्वतंत्रपणे लिहिले, हे मात्र सहसा लक्षात घेतले जात नाही. त्याच्या निबंधाने गृहीत धरलेला क्रम असा : आधी मूळ, मग प्रत. हा क्रम बाहुलीला कितपत लागू पडतो, हे पाहण्यासाठी अमेरिकेतील 'हाउडी डूडी' या बाहुल्याचे चरित्र पुरेसे आहे.

हाउडी डूडी प्रथम जन्मला तो आवाजाच्या रूपाने. बॉब स्मिथ या नभोवाणी निवेदकाने आपल्या मुलांच्या कार्यक्रमात एका खेडवळ पात्राला आवाज दिला होता आणि ते पात्र 'हाउडी डूडी' असे म्हणून अभिवादन करी. मुलांनी त्या अभिवादनालाच नाव मानले. २७ डिसेंबर १९४७ रोजी एनबीसीच्या दूरचित्रवाणीवर स्मिथचा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा बाहुले तयारच नव्हते. हाउडी फार लाजाळू आहे, असे सांगून त्याचा आवाज टेबलाच्या खणातून ऐकवण्यात आला. म्हणजे देह येण्यापूर्वीच या पात्राला प्रेक्षक लाभला होता. पुढे फ्रँक पॅरिस या बाहुलीकाराने घडवलेले कळसूत्री बाहुले त्या खणातून बाहेर आले.

१९४८ मध्ये मॅसीज या मोठ्या दुकानाने हाउडीच्या बाहुल्या विकण्याची इच्छा दर्शवली आणि कलहाला तोंड फुटले. बाहुले पॅरिसच्या हातचे होते. पात्र, नाव आणि आवाज स्मिथचा होता. मग खेळण्यांतून येणाऱ्या पैशावर अधिकार कोणाचा? वाटाघाटी फिसकटल्या आणि एके दिवशी प्रक्षेपणाच्या तोंडावर पॅरिस आपले बाहुले घेऊन निघून गेला. कार्यक्रमाचा नायकच नाहीसा झाला.

यातून काढलेली वाट कथनशास्त्राच्या अभ्यासकांनी मुद्दाम पाहावी अशी आहे. ते वर्ष अमेरिकेतील अध्यक्षीय निवडणुकीचे होते. हाउडी मुलांचा अध्यक्ष होण्यासाठी प्रचाराच्या दौऱ्यावर गेला आहे, असे प्रेक्षकांना सांगण्यात आले. मग तो चेहऱ्यावर पट्ट्या बांधून परतला. प्रतिस्पर्धी देखणा असल्यामुळे त्याने म्हणे शस्त्रक्रिया करून घेतली होती. तोवर व्हेल्मा डॉसन यांनी नवे बाहुले घडवले होते. पट्ट्या सुटल्या तेव्हा लाल केसांचा, गालांवर ४८ वांगांचे ठिपके असलेला हसरा मुलगा दिसला. तेव्हा अमेरिकेत राज्येही ४८ होती. आज ज्याला सारे हाउडी डूडी म्हणून ओळखतात तो हाच.

या घटनाक्रमात बेंजामिनने गृहीत धरलेला क्रम उलटा झालेला दिसतो. प्रतीच्या मागणीने पहिले बाहुले घालवले आणि दुसरे आणले. ज्याला आपण 'मूळ' म्हणतो तो चेहराच मुळी खेळण्यांच्या व्यापारातून उद्भवलेल्या भांडणाचे अपत्य आहे. त्यानंतर आयडियलसारख्या कंपन्यांनी हाउडीच्या बाहुल्या बाजारात आणल्या आणि मुलांना घरी नाचवता येतील अशी दोऱ्यांची बाहुलीही विक्रीस आली. त्या साऱ्या या दुसऱ्या चेहऱ्याच्या प्रती होत्या.

शिवाय तो दुसराही एकटा नव्हता. प्रकाशयोजनेच्या तालमीसाठी आणि अडीअडचणीसाठी एक जोडबाहुले होते. त्याला 'डबल डूडी' म्हणत. छायाचित्रांसाठी आणि मिरवणुकांसाठी जवळजवळ दोऱ्या नसलेला 'फोटो डूडी' वेगळा होता. जोडबाहुलेही अधूनमधून प्रत्यक्ष प्रक्षेपणात वापरले गेल्याचे उपलब्ध चित्रफितींवरून दिसते. तेव्हा घरी बसून पाहणाऱ्या मुलाने एखाद्या दिवशी पाहिलेला हाउडी 'मूळ' होता की 'जोड', हे त्याला कळण्याचा मार्ग नव्हता. त्या मुलाच्या अनुभवात त्यामुळे काही उणे राहिले असे म्हणता येईल का?

२४ सप्टेंबर १९६० रोजी कार्यक्रम संपला आणि मूळत्वाचा प्रश्न भावनेकडून मालकीकडे वळला. बाहुली चालवणाऱ्या रुफस रोझ यांच्याकडे हाउडी राहिला. १९६७ च्या सुमारास एनबीसीशी झालेल्या पत्रव्यवहारात, हे बाहुले डेट्रॉइट कलासंस्थेच्या बाहुली-संग्रहाला दिले जाईल, असे ठरले. १९७० मध्ये स्मिथने आपल्या प्रयोगांसाठी ते मागून घेतले. पुढे ते संग्रहालयाकडे जायचे आहे, हे त्याला कळवण्यात आले होते. रोझ १९७५ मध्ये वारले. १९९८ मध्ये, आयुष्याच्या अखेरीस, स्मिथला हाउडी विकावा असे वाटू लागले. त्याआधी १९९७ मध्ये 'फोटो डूडी' लिलावात १,१३,००० डॉलरहून अधिक किमतीला गेला होता. त्यामुळे पणाला काय लागले होते, हे सांगण्याची गरज नाही. वाद न्यायालयात गेला. जानेवारी २००१ मध्ये कनेक्टिकटमधील संघीय न्यायालयाने त्या जुन्या पत्रांचा आधार घेऊन बाहुले संग्रहालयाचे ठरवले. 'डबल डूडी' वॉशिंग्टनमधील स्मिथसोनियन संस्थेच्या अमेरिकी इतिहास संग्रहालयात आहे.

एकाच पात्राचे तीन देह अशा रीतीने तीन ठिकाणी गेले. त्यांपैकी एकाला 'मूळ' ही पदवी मिळाली ती लाकूड वा रंग यांच्यामुळे नव्हे, तर पत्रे, साक्षी आणि निवाडा यांच्या बळावर. मराठीच्या अभ्यासकांना ही परिस्थिती अगदीच अपरिचित नाही. ज्ञानेश्वरांच्या हातची प्रत आपल्यापाशी नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये पाठशुद्धी करून जी संहिता सिद्ध केली, तिच्या प्रती पिढ्यानपिढ्या पठणात राहिल्या आणि वारकऱ्यांसाठी तीच ज्ञानेश्वरी. आपल्या भाषेत 'प्रत' हा शब्द ग्रंथाच्या मूळ पोथीलाही लागतो आणि तिच्या नकलेलाही, यामागे या अनुभवाचा काही अंश असावा.

याच्या उलट दिशेचे उदाहरण इंग्लंडमध्ये सापडते. हॅरी कॉर्बेट या जादूगाराने १९४८ मध्ये ब्लॅकपूलच्या बंदरधक्क्यावरील दुकानातून अस्वलाचे एक हातमोजा-बाहुले विकत घेतले. त्याच्यासारखी इतरही त्या दुकानात असणार. १९५२ मध्ये ते बीबीसीवर आले. कृष्णधवल पडद्यावर उठून दिसावे म्हणून कॉर्बेटने त्याच्या कानांना आणि नाकाला काजळी फासली आणि त्यावरून ते 'सूटी' झाले. खेळण्यांपैकी एक खेळणे चिमूटभर काजळीने एकमेव ठरले. पुढे चॅड व्हॅली कंपनीने सूटीची बाहुली विकायला काढली, तेव्हा तिच्या कानांनाही काळा रंग होता. म्हणजे अस्वल पुन्हा दुकानात गेले, ते आता आपल्या काजळीसह.

या दोन्ही कथा एकत्र वाचल्या म्हणजे संग्राहकाचा काटेकोरपणा समजू लागतो. हाउडीची जुनी बाहुली घेताना तो ठिपके, दोऱ्या, हलणारा जबडा आणि मूळचे खोके तपासतो. संग्रहालयातील काचेमागचा हाउडी आता कोणी नाचवत नाही. घराघरांतील प्रती मात्र मुलांनी नाचवल्या, दोऱ्यांचा गुंता केला, हात मोडले, आणि बाहुलीचे जे काम असते ते त्यांच्याकडून पुरते करून घेतले. बाजारात अशा हाताळलेल्या बाहुलीला खोक्यातील कोऱ्या बाहुलीहून कमी किंमत येते. इतिहासाच्या अभ्यासकाला हे मूल्यमापन मान्य करता येणार नाही. दूरचित्रवाणीच्या त्या पहिल्या पिढीने पडद्यावरील चेहऱ्याशी कोणते नाते जोडले, याचा पुरावा कोरी बाहुली देऊ शकत नाही. तो झिजलेल्या बाहुलीच्या अंगावर आहे.

म्हणून अशा संग्रहांकडे केवळ हौस म्हणून पाहू नये, असे आम्ही सुचवू. न्यायालयाने मूळ बाहुल्याचा मालक ठरवला, आणि ते योग्यच झाले. दिलेला शब्द पाळला गेला. परंतु हाउडी डूडी कोण होता, हे विचारायचे असेल तर डेट्रॉइटच्या एका पेटीपाशी थांबून चालणार नाही. गुंतलेल्या दोऱ्यांच्या त्या अनेक प्रतीही पाठभेदांसारख्या शेजारी मांडून वाचाव्या लागतील.