पात्याचा देश आणि मुठीचा धनी

खंजिराचे पाते आणि त्याची मूठ ही वस्तुतः दोन निराळ्या हातांची निर्मिती. पाते लोहाराच्या भट्टीतून निघे, आणि मूठ मात्र धन्याच्या दर्जाप्रमाणे व मर्जीप्रमाणे मागाहून घडविली जाई. या मर्जीची परिसीमा जहांगीर बादशहाच्या आत्मवृत्तात पाहावयास मिळते. चितकबऱ्या ‘मासळीच्या दाता’चा, म्हणजे उत्तर समुद्रातील वॉलरसच्या सुळ्याचा, त्याला विलक्षण शौक, त्यासाठी त्याने इराण-तुराणपर्यंत माणसे धाडली, आणि दात हाती येताच पुरण व कल्याण या उस्तादांना त्याच्या मुठी करण्याचा हुकूम फर्माविला. एका मुठीच्या रंगछटांवर बादशहाने एवढी शाई खर्चावी, हे कोणास निव्वळ चैनीचे लक्षण वाटेल. परंतु ज्या काळात लोहार-शिकलगारांच्या नावांची दखल क्वचितच कोणी घेई, त्या काळात दोन कारागिरांची नावे त्याने नोंदविली, ही रसिकता मला त्याच्या कित्येक मोहिमांहून मोलाची वाटते.

शहाजहानच्या कारकिर्दीत यशबाच्या मुठींना बहर आला. खोतानकडून येणारा हा पाषाण इतका चिवट, की पोलादी छिन्नीने तो कोरला जात नाही. कुरुंदासारख्या कठीण खड्याची पूड पाण्यात कालवून, फिरत्या चाकावर तो कणाकणाने झिजवावा लागे, आणि अशा सोशिक श्रमातून अश्वमुखाची किंवा नीलगायीच्या मस्तकाची मूठ आकारास येई. त्यात माणके बसविताना शुद्ध सोन्याचा पत्रा थंडच दाबून कुंदण साधीत.

दक्षिणेची अभिरुची याहून उग्र. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातील, विजापूर वा गोवळकोंड्याकडील मानल्या जाणाऱ्या एका खंजिराच्या मुलामा दिलेल्या तांब्याच्या मुठीवर सिंह हरणावर आणि सर्पाकृती राक्षसी पशू त्या सिंहावर तुटून पडला आहे. ती हाती धरणाऱ्याच्या तळव्याला सुख वाटत असेल काय, हा प्रश्नच आहे.

मराठ्यांचा मार्ग अधिक व्यवहारी होता. युरोपातून आलेली लांब, सरळ पाती त्यांनी ‘फिरंग’ म्हणून आपलीशी केली, पण मूठ आणि परज देशी पद्धतीची बसविली. पात्याचा मागील निमुळता भाग मुठीच्या पोकळीत तापविलेल्या लाखेने वा राळेने घट्ट केलेला असे. म्हणून मूठ तापविली की जोड सैल होई, आणि जुने पाते नव्या मुठीत सहज जाई. संग्रहालयांतील कित्येक हत्यारांचे पाते आणि मूठ त्यामुळे एका शतकाची नसतात, एका देशाची तर नसतातच.