चार ट्रॅकची कॅसेट: घरगुती ध्वनिमुद्रणाचा इतिहास

थॉमस एडिसनने १८७७ मध्ये तयार केलेल्या फोनोग्राफवर आवाज जसा ऐकता येई तसा तो भरताही येई, आणि पुढे मेणाच्या नळकांड्यांवर चालणारी जी यंत्रे बाजारात आली त्यांतल्या अनेकांनी ही दुहेरी सोय राखली होती. एमिल बर्लिनरच्या ग्रामोफोनची सपाट तबकडी साच्यावरून मोठ्या संख्येने छापता येत असल्यामुळे व्यापारात सरस ठरली. मात्र तिच्याबरोबर आवाज भरण्याचे काम कंपन्यांच्या हाती गेले आणि घराच्या वाट्याला केवळ ऐकणे उरले. विसाव्या शतकात ही सोय घरात परतली खरी, पण परतताना ती पूर्वीची राहिली नव्हती; एकाच माणसाने निरनिराळ्या वेळी गायलेले-वाजवलेले एकत्र ऐकवण्याची शक्ती तिच्यात आली होती, आणि घरगुती ध्वनिमुद्रणाचा पुढचा सारा इतिहास या शक्तीभोवती फिरतो.

हा बदल चुंबकीय फितीमुळे शक्य झाला. फ्रित्झ फ्लॉयमर याने १९२८ मध्ये लोहचूर्णाचा लेप दिलेल्या कागदी फितीचे पेटंट घेतले, त्या तत्त्वावर आधारलेले एईजी कंपनीचे मॅग्नेटोफोन हे यंत्र १९३५ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात मांडले गेले, आणि महायुद्धानंतर हे तंत्र अमेरिकेत पोहोचून १९४८ मध्ये अँपेक्स कंपनीचा ध्वनिमुद्रक बाजारात आला. गिटारवादक लेस पॉल याने अशा यंत्रात एक जादा हेड बसवून घेतले. हेड म्हणजे फितीवर आवाज उमटवणारा किंवा तिच्यावरून तो वाचणारा लहानसा विद्युतचुंबक होय. या जादा हेडमुळे आधीचा आवाज वाचून त्यात नव्याने वाजवलेला आवाज मिसळता येई आणि दोन्ही पुन्हा त्याच फितीवर उमटवता येत. मेरी फोर्डसह केलेले आणि १९५१ मध्ये गाजलेले ‘हाउ हाय द मून’ हे गीत याच रीतीने न्यूयॉर्कमधील क्वीन्स भागातल्या घरी मुद्रित झाले. या रीतीत जुना थर पुसूनच नवा उमटत असल्यामुळे अखेरच्या थराला चूक झाली तर सगळेच पुन्हा करावे लागे.

यावरचा उपाय म्हणजे प्रत्येक थराला फितीवर समांतर, स्वतंत्र पट्टा देणे. या पट्ट्यालाच ट्रॅक म्हणतात. येथे एक अडचण उभी राहिली. आवाज उमटवणारे आणि वाचणारे हेड एकमेकांपासून थोड्या अंतरावर असतात, त्यामुळे जुना ट्रॅक ऐकत नवा वाजवणाऱ्याचे वादन फितीवर किंचित मागे पडे. उमटवणाऱ्या हेडकडूनच जुने ट्रॅक वाचून घेण्याची युक्ती अँपेक्सने योजली आणि हा विलंब नाहीसा झाला. त्या कंपनीचे आठ ट्रॅकचे यंत्र १९५७ मध्ये लेस पॉलच्या घरी बसले; परंतु त्याची किंमत दहा हजार डॉलरच्या घरात असल्यामुळे त्याला घरगुती साधन म्हणणे धाडसाचेच ठरेल.

सामान्य संगीतकाराच्या आवाक्यातले यंत्र आले ते १९७९ मध्ये, जपानच्या टीॲक कंपनीचे पोर्टास्टुडिओ १४४. फिलिप्सने १९६३ मध्ये आणलेली साधी कॅसेट त्यात चाले. स्टिरिओ कॅसेटवर मुळातच चार ट्रॅक असतात, दोन एका बाजूचे आणि दोन उलट बाजूचे. पोर्टास्टुडिओने ते चारही एकाच दिशेने वापरले आणि आवाजाचा दर्जा सुधारावा म्हणून फितीचा वेग दुप्पट केला. साहजिकच साठ मिनिटांच्या कॅसेटवर पंधराच मिनिटे मावत आणि कॅसेट उलटण्याचा प्रश्न उरत नसे. निरनिराळे आवाज कमी-अधिक करून एकत्र करणारा मिक्सरही त्याच पेटीत होता, ही या यंत्राची खरी करामत. कारण तोवर टेपरेकॉर्डर, मिक्सर आणि त्यांना जोडणाऱ्या वायरींचे जंजाळ वेगवेगळे विकत घ्यावे लागे.

चार ट्रॅक अपुरे पडत तेव्हा ‘बाउन्स’ करण्याची रीत होती. तीन ट्रॅक भरायचे, त्यांचे मिश्रण चौथ्यावर उतरवायचे आणि मोकळे झालेले तीन पुन्हा वापरायचे. त्यांपैकी दोन भरून तिसऱ्यावर उतरवले आणि उरलेले दोन नव्याने भरले, की सात आवाज जमत. मात्र प्रत्येक उतरवणीत फितीची सळसळ वाढे आणि एकदा झालेले मिश्रण पुन्हा सुटे करता येत नसे. बास गिटार किती मोठा ठेवायचा याचा निर्णय गाणे पूर्ण होण्याआधीच, कायमचा घ्यावा लागे. या सक्तीने अनेक गाणी बिघडली असतील, तरी निर्णय पुढे ढकलण्याची सवय तिने लागू दिली नाही हेही नोंदवले पाहिजे. ब्रूस स्प्रिंगस्टीनने जानेवारी १९८२ मध्ये न्यू जर्सीतील घरी याच यंत्रावर केलेली मुद्रणे केवळ कच्चा आराखडा म्हणून होती. पुढे स्टुडिओत वाद्यवृंदासह केलेले प्रयत्न मनासारखे उतरले नाहीत आणि त्या कॅसेटवरूनच त्याच वर्षी ‘नेब्रास्का’ हा अल्बम निघाला.

संगणक या क्षेत्रात प्रथम आला तो ध्वनी साठवण्यासाठी नव्हे. अटारी एसटी हा संगणक १९८५ मध्ये आला आणि त्याच्या १०४० एसटी या आवृत्तीची स्मृती एक मेगाबाइट होती. सीडीच्या दर्जाचा, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेला स्टिरिओ आवाज तीत जेमतेम सहा सेकंद मावला असता. त्याला उपयोगी पडली ती १९८३ मध्ये रूढ झालेली मिडी ही संकेतप्रणाली. कोणती पट्टी दाबली, किती जोराने आणि केव्हा सोडली एवढीच सूचना मिडीतून जाते, प्रत्यक्ष आवाज बाहेरचा सिंथेसायझर काढतो. अशा सूचना क्रमाने साठवणाऱ्या प्रोग्रामला सिक्वेन्सर म्हणत. अटारीला मिडीची जोडणी मुळातच असल्यामुळे हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९८९ मध्ये क्यूबेस हा आपला सिक्वेन्सर त्यावरच आणला. मिडीची कल्पना पट्ट्यांच्या वाद्यावरून घेतलेली आहे. मींड दाखवण्यासाठी स्वर वाकवण्याची सूचना तीत असली तरी ती त्या वाहिनीवरच्या सर्व स्वरांना एकदमच लागू होते. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमला ज्या कारणांसाठी दूर ठेवले, त्यांपैकी काही येथेही लागू पडली असती.

संगणकाच्या डिस्कवर प्रत्यक्ष आवाज साठवणारी प्रो टूल्स ही प्रणाली १९९१ मध्ये चार ट्रॅकनिशी आली. तिला खास कार्डे लागत आणि ती महाग होती. स्टाइनबर्गने १९९६ मध्ये व्हीएसटी हे तंत्र आणून प्रतिध्वनीसारखे संस्कार संगणकाच्या साध्या प्रोसेसरवरच करून दाखवले. अशा संस्कारांचे सुटे प्रोग्राम, म्हणजेच प्लगइन, अन्य कंपन्याही बनवू लागल्या. याच सुमारास लेस पॉलच्या काळातला विलंबही नव्या रूपात परतला: माइकमधून आत गेलेला आवाज संगणकातून फिरून कानी येईपर्यंत जो वेळ जातो त्याला लेटन्सी म्हणतात, आणि ती आटोक्यात आणण्यासाठी १९९७ मध्ये एएसआयओ ही पद्धत निघाली. त्यानंतर किमती झपाट्याने उतरल्या. ऑडॅसिटी २००० मध्ये विनामूल्य उपलब्ध झाले आणि ॲपलने २००४ मध्ये गॅरेजबँड बाजारात आणले.

हिंदुस्थानी संगीताशी या साऱ्याचे नाते वेगळे आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटेच मावत, म्हणून घरगुती मैफली सलग टिपणारे स्पूलचे टेपरेकॉर्डर महाराष्ट्रातील रसिकांना मोलाचे वाटले. एकावर एक थर चढवण्याची गरज त्यांना नव्हती. आजच्या सॉफ्टवेअरच्या पडद्यावर समान अंतराच्या मात्रांची जाळी आखलेली असते, आणि हळूहळू चढत जाणारी ख्यालाची लय तीत बसवणे कष्टाचे ठरते. गायक आणि तबलावादक एकमेकांना प्रतिसाद देत असल्यामुळे त्यांना वेगवेगळ्या वेळी मुद्रित करून चालत नाही; आणि एका खोलीत बसवले की तबला गायकाच्या माइकमध्ये शिरतो, त्यामुळे गाण्याचा ट्रॅक सुटा काढून दुरुस्त करण्याची सोय बहुतेक वेळा वापरताच येत नाही.