विनोबांचे घर

थोर पुरुषांच्या चरित्रांत आईस एक अध्याय मिळतो आणि वडिलांची बोळवण चार ओळींत होते. आचार्य विनोबा भावे यांच्या बाबतीत हे विशेषच घडले. आईविषयी ते बोलू लागले की त्यांचा गळा दाटून येई, आणि ऐकणाऱ्यांच्या ध्यानात तेवढेच राही. आमचे म्हणणे असे, की त्या घरात अहिंसेचे शिक्षण आईवडील दोघांनी दिले, आणि दोघांच्या शिकवणीत पुष्कळ ठिकाणी मेळही नव्हता. वर्धा, पवनार ही नावे आम्हां वडनेर भोलजीकरांस परकी नाहीत. नांदुऱ्यास नागपूरकडची गाडी धरली की वाटेत वर्धा लागते. परंतु तेथले विनोबा म्हणजे मोठेपणीचे विनोबा. आज बोलायचे ते आईच्या 'विन्या'विषयी.

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी गागोदे येथे झाला. तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्यात हे लहानसे खेडे आहे. आजोबा शंभुराव व्रतस्थ आणि देवभक्त. घरात एक आंधळे काका होते. त्यांची सेवा सगळे करीत. पुढे ते वारले, पण घरात कोणी सुतक पाळले नाही. विनोबांनी कारण विचारले, तेव्हा आईने सांगितले की ते आपल्या नात्यातले नव्हतेच; निराधार म्हणून घरात आणलेले होते. इतकी वर्षे घरातल्या मुलांस हे ठाऊकही नसावे, यातच त्या घराची रीत दिसते. १९५१ नंतर भूदान मागताना विनोबा जमीनदारांस म्हणत, की तुम्हांस पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या. ही युक्ती त्यांस कोठे सुचली, हे शोधावयास आम्ही फार लांब जाणार नाही.

आई रुक्मिणीबाई शिकलेल्या नव्हत्या म्हटले तरी चालेल. मराठीबरोबर कानडी भजनेही त्यांस येत. तुळशीस पाणी घातल्याशिवाय मुलास खावयास मिळत नसे, आणि झाडाचा फणस उतरला की गरे आधी शेजाऱ्यांकडे पोहोचवावे लागत. एकदा एक धडधाकट भिकारी दारी आला. त्यास भीक घालताना पाहून मुलगा म्हणाला, अशाने आळस वाढतो. तर आईचे उत्तर असे, की पात्र कोण आणि अपात्र कोण हे ठरविणारे आपण कोण? अर्थशास्त्र्यांस हे पटणार नाही. आम्हांसही ते सगळे पटते असे नाही. पण मुलाच्या मनात ते जन्मभर राहिले खरे.

वडील नरहरराव नोकरीनिमित्त बडोद्यास होते आणि पुढे कुटुंबही तेथेच गेले. हा माणूस विज्ञानाचा. कापडाच्या रंगांवर घरी प्रयोग करी, आणि हिशेबाशिवाय पाऊल टाकीत नसे. दिवाळीस मिठाई आणतो असे त्यांनी एकदा कळविले. मुलाने पुडके सोडले तो आत निघाली मुलांसाठी लिहिलेली रामायण-महाभारताची पुस्तके! मुलाने फ्रेंच शिकावे असे त्यांस वाटे, आईस संस्कृत हवे होते.

दोघांतला फरक दाखविणारी एक गोष्ट फार बोलकी आहे. आईने देवास एक लक्ष तांदूळ वाहण्याचे व्रत धरले होते. ती रोज एकेक दाणा मोजी. नरहरराव म्हणाले, एक तोळा तांदूळ मोजून घे आणि त्यावरून लाखाचे वजन काढ. वाटल्यास थोडे वर धर. हिशेबात चूक नव्हती. आईस उत्तर सुचेना, तिने मुलास विचारले. मुलगा म्हणाला, हे गणित नव्हे. दाण्यागणिक देवाचे स्मरण होते, म्हणून मोजायचे. येथे विनोबा आईच्या बाजूने उभे राहिले, आणि चरित्रकार येथेच थांबतात. पण गणित हा त्यांचाही आवडता विषय होता. पुढे वर्ध्यास तकलीवर तासन्‌तास सूत कातून त्या मजुरीत माणूस जगेल काय, याचा पैपैचा हिशेब त्यांनी मांडला, तो बापाचाच वारसा होय.

नरहरराव मुलास मारीतही, हे लपविण्याचे कारण नाही. एके दिवशी विनोबा नेहमीच्या माराची वाट पाहत राहिले आणि मार आलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सोळाव्या वर्षी पुत्रास मित्र मानावे या वचनाप्रमाणे वडिलांनी हात आवरला होता, हे त्यांस मागाहून उमगले. अहिंसेच्या चरित्रात हा प्रसंग आम्हांस तांदळांइतकाच महत्त्वाचा वाटतो.

घर सोडण्यापूर्वी या मुलाने आपली प्रशस्तिपत्रके आईच्या चुलीत घातली. २५ मार्च १९१६ रोजी इंटरच्या परीक्षेस मुंबईस म्हणून निघाला आणि सुरतेस उतरून काशीची वाट धरली. ७ जूनला कोचरबच्या आश्रमात गांधीजींची भेट झाली. त्याग आपण मुलाचा गातो. बडोद्याच्या घरात मागे काय उरले असेल, ते फारसे कोणी विचारीत नाही.

१९१८ साली इन्फ्लुएंझाची साथ आली. आई, वडील, धाकटा भाऊ दत्तात्रेय, सगळे अंथरुणावर. गांधीजींनी आग्रह करून विनोबांस घरी धाडले. २४ ऑक्टोबरला आई गेली. धाकटा भाऊही त्याच साथीत गेला. अंत्यसंस्कार भटजींच्या हातून नकोत असा विनोबांचा हट्ट. वडिलांस ते मान्य होईना. तेव्हा मुलगा स्मशानात गेलाच नाही. स्नान करून वेद वाचीत बसला. त्या वेळी नरहररावांस काय वाटले असेल!

गीता सोप्या मराठीत हवी, आणि ती तूच का करीत नाहीस, असे आईने एकदा म्हटले होते. 'गीताई' ७ ऑक्टोबर १९३० रोजी लिहावयास घेतली आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी पुरी झाली. तोवर आईस जाऊन बारा वर्षे झाली होती. बाळकोबा आणि शिवाजी हे भाऊही थोरल्याच्याच वाटेने गेले, तिघेही ब्रह्मचारी राहिले. वंश पुढे चालला नाही.

नरहरराव १९४७ च्या ऑक्टोबरात धुळ्यास वारले. अस्थी नाशिकास गोदावरीत सोडाव्या असे कोणी सुचविले. विनोबांनी ते मानले नाही. माती मातीस द्यावी म्हणाले. धुळ्यातच खड्डा खणून त्या पुरल्या आणि वर तुळस लावली.