संगणक हँग होणे : अपुऱ्या विजेचे निदान (वर्धा जिल्हा)

चालू संगणकाला पुरेशी किंवा स्थिर वीज न मिळाल्याने पडद्यावरचे चित्र जागच्या जागी थांबणे आणि माउस व कीबोर्ड बंद पडणे. रॅम खराब झाली, हार्डडिस्क मरायला टेकली किंवा प्रोसेसर तापला तरी संगणक असाच अडकतो. त्यामुळे दुरुस्तीवाला बहुधा आधी ‘फॉरमॅट मारू’ म्हणतो. गावातल्या संगणकाबाबत हा क्रम उलटा आहे. आधी वीज पाहावी.

वीज दोन ठिकाणी कमी पडते : भिंतीतल्या सॉकेटमध्ये किंवा संगणकातल्या एसएमपीएसमध्ये (वीज पुरवणाऱ्या डब्यात). देशाच्या वीजजाळ्यातले ७६५ किलोव्होल्टचे उपकेंद्र वर्ध्यात आहे, पण गावातल्या घरात किती व्होल्टेज येते ते ठरते डीपीपासूनच्या (रोहित्रापासूनच्या) तारेच्या लांबीवर आणि त्या डीपीवर किती मोटारपंप चालू आहेत यावर. हरभरा-गव्हाचे ओलित सुरू झाले किंवा आर्वी-कारंजाकडे संत्र्याच्या बागांना पाणी सोडले, की लाइनच्या टोकाची घरे ‘व्होल्टेज डाऊन’ची तक्रार करतात. नियमाने २३० व्होल्टच्या ६ टक्के वरखाली, म्हणजे साधारण २१६ ते २४४ व्होल्ट मिळायला हवेत.

१८० व्होल्टवरही पंखा रखडत फिरतो; संगणकाचे तसे नाही. एसएमपीएसमधला मोठा कपॅसिटर वीज क्षणभर खंडली तरी यंत्र तगवतो, पण पूर्ण भारावर तो जेमतेम १६-१७ मिलिसेकंद पुरतो आणि आपल्या ५० हर्ट्झ विजेचे एक आवर्तनच २० मिलिसेकंदांचे असते. साठवलेली ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने साध्या, स्वस्त एसएमपीएसमध्ये १८० व्होल्टला ती २३० व्होल्टच्या तुलनेत ६१ टक्केच उरते. वापरता येईल असा भाग त्याहूनही कमी. मग शेजारची मोटार सुरू होतानाचा झटका किंवा यूपीएसला बॅटरीवर जायला लागणारे ४ ते १० मिलिसेकंद निभावत नाहीत. घरचा इन्व्हर्टर यूपीएस मोडवर नसेल, तर हा खंड आणखी लांबतो.

म्हणून पहिला प्रश्न ‘कधी हँग होतो?’ हा. ठरावीक वेळी, शेतपंपांची थ्री फेज वीज आल्यावर किंवा कूलर सुरू होताना होत असेल, तर दोष बाहेर शोधावा. सॉकेटमध्ये मल्टिमीटर लावून सकाळ-संध्याकाळचे आकडे लिहून ठेवावेत. गेम, व्हिडिओ किंवा मोठी प्रिंट सुरू केल्यावरच होत असेल, तर एसएमपीएसवर संशय घ्यावा. संगणक चालू असताना मोकळ्या चार पिनी कनेक्टरच्या काळ्या तारेत मल्टिमीटरचे काळे टोक आणि पिवळ्या तारेत लाल टोक धरावे. १२ व्होल्टची तार ११.४ ते १२.६ मध्ये राहायला हवी. रिकामा असताना १२.१ आणि काम लावताच ११.२ दिसले, तर निदान झाले. आकडा चांगला दिसला म्हणून एसएमपीएस निर्दोष ठरत नाही. मल्टिमीटर सरासरी दाखवतो, त्यातली वेगवान थरथर त्याला पकडता येत नाही. ओळखीच्या दुकानातून चांगला एसएमपीएस आणून दोन दिवस लावून पाहणे हीच सर्वांत भरवशाची परीक्षा. तरीही अडकला तर रॅमकडे वळावे.

स्वस्त एसएमपीएसवर ४५० वॅट छापलेले असले तरी १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर असतील, तर प्रोसेसर व ग्राफिक्स कार्डासाठी हाती १९२ वॅटच येतात. त्यात वर्ध्याचा उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, आणि तापमान १० अंशांनी वाढले की इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य साधारण निम्मे होते. मदरबोर्डवरच्या कपॅसिटरांचे डोके सपाट नसून फुगलेले दिसले, किंवा त्यावर तपकिरी डाग असला, तर बोर्डही संशयित.

कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंग तुटलेले समजावे. काळी जमीन उन्हात भेगाळली की अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल जाते आणि ते निकामी होते. पाणी घालून ते तात्पुरते सुधारते.

व्होल्टेज कमी असल्यास साधा ऑफलाइन यूपीएस ते वाढवत नाही. त्यासाठी स्टॅबिलायझर असलेला लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस लागतो. ६०० व्हीएचा यूपीएस अनेकदा ३६० वॅटच पेलतो. लेझर प्रिंटर त्यावर लावू नये. तपासणीसाठी एसएमपीएसचे झाकण मात्र उघडू नये : प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये काही वेळ ३०० व्होल्टच्या वर राहू शकतात.